रंगाच्या सांडपाण्यासाठी वनस्पतिजन्य कोळसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. इचलकरंजी, सोलापूर, मालेगावकडचे छोटे डाईंगवाले आणि प्रोसेसवाले, विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीतले शिक्षक आणि विद्यार्थी, आणि नदीच्या खालच्या अंगाला शेती किंवा विहीर असलेले लोक. एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला असेल तर तो एकदाच घेतला आहे आणि बाकी ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोळसा टाकला की पाण्यातला रंग जातो, म्हणजे नेमकं काय होतं?

रंगाचे रेणू पाणी सोडून कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. रंग जळत नाही, विघटित होत नाही, नाहीसा होत नाही. त्याची फक्त जागा बदलते, आणि म्हणूनच वापरलेल्या कोळशाचं काय करायचं हा प्रश्न १६ टाळता येत नाही.

कोळशाला हे जमतं ते त्याच्या छिद्रांमुळे. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या (म्हणजे छिद्रं मोकळी केलेल्या कोळशाच्या, प्रश्न २) एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. हजार चौरस मीटर धरले तर कबड्डीची सात-आठ मैदानं एका चिमटीत आली. ही गोष्ट नवी नाही. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ या औषधनिर्मात्याला कोळशाने द्रावणाचा तपकिरी रंग जातो असं आढळलं, आणि त्यानंतर साखर उजळवण्यासाठी युरोपात कोळसा वापरात आला.

२. भट्टीचा साधा कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यांत फरक काय? दोन्ही काळेच दिसतात.

साधा कोळसा म्हणजे लाकूड किंवा शेतकचरा हवा कोंडून साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजलेला. त्याची बरीचशी छिद्रं डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली असतात. ॲक्टिव्हेशन म्हणजे ती छिद्रं मोकळी करणं आणि नवी पाडणं. एक पद्धत वाफेची किंवा कार्बन डायऑक्साइडची, ८०० ते ९०० अंशांच्या आसपास. दुसरी रसायनांची : कच्चा माल फॉस्फोरिक आम्लात भिजवून ४०० ते ६०० अंशांना भाजतात आणि नंतर धुऊन काढतात.

साधा कोळसा अगदीच निरुपयोगी नाही, पण रंग उचलण्याची त्याची ताकद बऱ्याचदा दहापटीने कमी पडते. त्याने हिशेब किती बदलतो ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. कोणत्या झाडाचा कोळसा सर्वांत चांगला? करवंटीचा ना?

दुकानदार करवंटीचाच सांगतात. तो कठीण असतो, चुरा होत नाही, घरगुती फिल्टरला उत्तम. पण त्याची बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरहून लहान असतात. क्लोरीन, वास, लहान रेणू यांच्यासाठी ती बरोबर आहेत. कापडाच्या रंगाचे मोठे रेणू मात्र त्यांत नीट शिरत नाहीत. रंगासाठी मध्यम आकाराची, दोन ते पन्नास नॅनोमीटरची छिद्रं जास्त असलेला कोळसा हवा. फॉस्फोरिक आम्लाने ॲक्टिव्हेट केलेला लाकडाचा कोळसा साधारण तसा असतो.

भाताच्या तुसाचा कोळसा स्वस्त पडतो, पण त्यात सिलिकाची राख भरपूर. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच निघू शकते, म्हणजे तितका माल रंगाच्या दृष्टीने फुकट. उसाच्या बगॅसबद्दल (चिपाडाबद्दल) खूप लोक विचारतात. कोल्हापूर-सांगलीकडे बगॅस हा कचरा राहिलेलाच नाही. कारखाने त्यावर वीज करतात, कागद गिरण्या तो विकत घेतात. ‘फुकटचा कच्चा माल’ असं प्रकल्प अहवालात लिहिण्याआधी भाव विचारा. त्यापेक्षा विदर्भ-खानदेशातली पऱ्हाटी (कापूस वेचून उरलेली झाडं) खरोखर शिल्लक असते. गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात ठेवता येत नाही आणि बांधावर जाळली जाते. शेंगांची टरफलं, आंब्याच्या कोयी, चिंचोके, वेडी बाभूळ यांचेही कोळसे होतात. काजूच्या टरफलांत त्वचा भाजणारं तेल असतं आणि भाजताना त्याचा धूर झोंबतो, तेव्हा ती घराजवळ भाजू नयेत.

लाकडी कोळसा घेणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. रायगड आणि कोकणपट्टीतली कातकरी कुटुंबं उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर राबतात, आणि ही उचल पिढ्यानपिढ्या फिटत नाही अशी उदाहरणं आहेत. पर्यावरणाच्या नावाने घेतलेला कोळसा कोणाच्या कष्टातून आला, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

४. प्रयोगात निळा रंग पाच मिनिटांत गेला. तोच कोळसा डाईंगच्या पाण्यात टाकला तर ढिम्म फरक नाही. असं का?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तरही हेच.

प्रयोगातला निळा रंग जवळजवळ नेहमी मेथिलीन ब्लू असतो. त्याचा रेणू लहान आणि चपटा आहे : रेणुभार सुमारे ३२०, लांबी दीड नॅनोमीटरच्या आत. पाण्यात त्याच्यावर धन प्रभार असतो. कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट असतात, त्यामुळे साध्या पाण्यात तो बहुधा ऋण प्रभाराचा. दोघं एकमेकांकडे ओढले जातात. कोळसाच कशाला, भाताचं न भाजलेलं तूस, लाकडाचा भुसा, संत्र्याची साल, यांनाही मेथिलीन ब्लू चिकटतो. ‘अमुक पाल्याच्या कोळशाने ९८ टक्के रंग काढला’ अशा बातम्या वाचाल तेव्हा आधी रंग कोणता होता ते बघा. मेथिलीन ब्लू असेल तर ती परीक्षा सोप्या पेपरची होती.

सुती कापडावर चालतात ते प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग. त्यांच्या रेणूंवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण प्रभार. काळ्या रंगासाठी सर्रास वापरला जाणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या. त्याचा रेणुभार जवळपास ९९०, मेथिलीन ब्लूच्या तिप्पट. तो मोठा असल्याने बारीक छिद्रांत शिरत नाही आणि ऋण असल्याने कोळसा त्याला दूर लोटतो. त्यात डाईंगच्या पाण्याचं पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे तटस्थ) सोड्यामुळे १० ते ११ असतं, आणि त्या पीएचला कोळसा आणखी ऋण होतो.

शिवाय खऱ्या सांडपाण्यात रंग एकटा नसतो. सुताला सायझिंगमध्ये लावलेली खळ धुऊन निघते. स्टार्च, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), साबण, मऊपणासाठीची तेलं, सगळं त्यातच. हे पदार्थ रंगाच्या आधी कोळशाच्या जागा अडवतात. प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड पाण्यात हे काहीच नसतं.

एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे आपल्या बाजूची आहे. रिॲक्टिव्ह डाईंगला लागणारं भरमसाट मीठ प्रभारांचं लोटणं झाकून टाकतं, त्यामुळे ऋण रंग मिठाच्या पाण्यातून कोळशावर जरा बरे बसतात. धन रंगांच्या बाबतीत मीठ उलट अडथळा करू शकतं.

पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळलेले नसतात, बारीक कणांच्या रूपात तरंगतात. ते तुरटी-चुन्यानेच बरे खाली बसतात. त्यांच्यावर कोळसा घालवू नका.

५. मग पीएच किती ठेवायचा?

ऋण रंगांसाठी (रिॲक्टिव्ह, ॲसिड, डायरेक्ट) पीएच खाली आणावा, धन रंगांसाठी (मेथिलीन ब्लू, मॅलकाइट ग्रीन, ॲक्रिलिकचे बेसिक रंग) सहाच्या वर असावा. शोधनिबंधांमध्ये रिॲक्टिव्ह रंगांसाठी पीएच २ किंवा ३ ला उत्तम निकाल दाखवलेले असतात. कारखान्यात ते परवडत नाही. लाखो लिटर पाण्यात आम्ल ओतायचं आणि सोडण्याआधी परत अल्कली घालून ते मारायचं, यात दोन रसायनांचा खर्च होतो आणि पाण्यातले क्षार वाढतात. सहा-सातच्या दरम्यान आणून जे मिळेल त्यावर हिशेब बसवणं व्यवहार्य.

आपला कोळसा कोणत्या पीएचला प्रभारहीन होतो हे शाळेच्या प्रयोगशाळेतही काढता येतं. विरळ मिठाच्या पाण्याचे सहा-सात पेले वेगवेगळ्या पीएचचे करा, प्रत्येकात सारखाच कोळसा घाला, एक दिवस झाकून ठेवा. ज्या पेल्याचं पीएच बदललं नाही तो तुमच्या कोळशाचा बिंदू. त्याच्याखाली कोळसा धन, वर ऋण.

६. रोज एक लाख लिटर रंगीत पाणी निघतं. किती कोळसा लागेल?

आकडे धरून करू. लिटरला १०० मिलिग्रॅम रंग असेल तर लाख लिटरमध्ये १० किलो रंग झाला. कोळसा ग्रॅमला १०० मिलिग्रॅम रंग धरत असेल तर रोज १०० किलो कोळसा लागेल. किलोला १०० रुपये धरले तर दिवसाला १०,००० रुपये, वर्षाला ३० लाखांच्या पुढे.

आता साधा कोळसा घ्या, ग्रॅमला १० मिलिग्रॅम. रोज एक टन. एक टन कोळशाला तीन ते चार टन वाळलेला कच्चा माल लागतो, कारण भाजल्यावर साधारण २५ ते ३५ टक्केच उरतो. म्हणजे कारखान्याच्या दारात रोज एक ट्रक पऱ्हाटी उतरली पाहिजे, आणि मागच्या दाराने रंगाने माखलेला टनभर ओला कोळसा बाहेर गेला पाहिजे. कुठे जाणार?

हेच पाणी आधी चुना-फेरस सल्फेट आणि जैविक टाकीतून (जिथे जिवाणू घाण खातात) काढून रंग लिटरला २० मिलिग्रॅमवर आणला, तर २ किलो रंग उरतो आणि कागदावर २० किलो कार्बन पुरतो. प्रत्यक्षात ३० धरा, कारण रंग जितका विरळ तितकी कोळशाची धारणशक्ती घटते. निबंधांत छापलेला ‘ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम’ हा आकडा पाण्यात शेवटी भरपूर रंग शिल्लक असतानाचा असतो. तुम्हाला पाणी स्वच्छ हवंय, म्हणजे तुम्ही नेमक्या उलट टोकाला आहात.

म्हणूनच कोळसा शेवटच्या पायरीला. पहिल्याच पायरीला कोळसा सुचवणारा सल्लागार भेटला तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा.

७. सगळा कोळसा एकदम टाकावा की थोडा थोडा?

दोन हप्त्यांत. पहिला हप्ता टाका, ढवळा, बसू द्या, वरचं पाणी काढून घ्या, मग त्यात ताजा दुसरा हप्ता. कोळसा पाण्यातल्या रंगाच्या प्रमाणात रंग उचलतो असं सरळ गणित धरलं, तर ९० टक्के रंग काढायला एका दमात जिथे ९ किलो लागतात तिथे दोन समान हप्त्यांत मिळून साडेचार किलोंच्या आत काम होतं. खऱ्या कोळशात इतका फायदा नेहमी दिसत नाही, पण दिसतो.

भुकटी असेल तर अर्धा ते दोन तास ढवळणं लागतं. दाणेदार कार्बनच्या टाकीत पाणी निदान १५ ते ३० मिनिटं कार्बनच्या थरात राहील असा वेग ठेवावा. दोन टाक्या ओळीने लावाव्यात. पहिली भरली की ती रिकामी करायची, दुसरी पहिल्या जागी, ताजी मागे. एकाच टाकीवर भिस्त ठेवली की रंग कधी फुटून बाहेर येतो ते रात्रपाळीला कळत नाही.

८. तुरटी-चुन्याने गाळ फार होतो. तो वगळून थेट कोळसा नाही का चालणार?

गाळ कमी होईल, पण कोळसाच गाळ होईल. प्रश्न ६ चा हिशेब बघा. नेहमीचा क्रम असा : चाळणी, समतोल टाकी (वेगवेगळ्या वेळचं पाणी एकत्र मिसळणारी), रसायन घालून गाळ बसवणं, जैविक प्रक्रिया, वाळूची गाळणी, मग कार्बन. वाळूची गाळणी नीट चालत नसेल तर कार्बनच्या टाकीत लिंट (कापडाचे तंतू) आणि गाळ अडकतो आणि टाकी रंगाने भरायच्या आधीच तुंबते. अनेक ठिकाणी ‘कार्बन निकामी निघाला’ अशी तक्रार असते आणि मूळ दुखणं वाळूच्या टाकीत सापडतं.

९. कार्बननंतर पाणी अगदी पांढरंशुभ्र दिसतं. आता नाल्यात सोडलं किंवा उसाला दिलं तर काय बिघडलं?

रंग हे एकच मोजमाप नाही. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेल्या केंद्राच्या मानकांत रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची मर्यादा आहे, पण त्याबरोबर बीओडी (जंतूंना कुजवता येणारी घाण) ३० आणि सीओडी (रसायनाने मोजलेली एकूण घाण) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर याही मर्यादा आहेत. पाणी नितळ दिसत असताना या दोन्ही नापास होऊ शकतात.

आणि मीठ. रिॲक्टिव्ह डाईंगच्या बाथमध्ये लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) असतं. कोळसा त्यातला कणही काढत नाही. असं पाणी काळ्या रानात दिलं की सोडियममुळे जमीन चोपण होते. शिरोळ तालुक्यात क्षारपड रानं आधीच कमी नाहीत. तमिळनाडूत तिरुप्पूरची नोय्यल नदी आणि खालचं ओरतुपाळयम धरण मुख्यतः या मिठानेच बिघडलं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या शेकडो डाईंग युनिट्सना टाळं लावायला सांगितलं, आणि त्यानंतर आरओ आणि बाष्पीभवन करून मीठ परत मिळवल्याशिवाय तिथे डाईंग चालवणं अशक्य झालं.

रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची ओरड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत कुत्री निळी दिसायला लागली तेव्हा कासाडी नदी देशभर बातम्यांत आली. मिठाने कुत्रं निळं होत नाही.

१०. ब्लीचिंग पावडरने पाच रुपयांत रंग जातो. कोळशाचा एवढा खटाटोप कशाला?

क्लोरीन रंगाच्या रेणूतला रंग दाखवणारा भाग तोडतो. उरलेले तुकडे पाण्यातच राहतात आणि त्यांतल्या काहींना क्लोरीन चिकटून ते मूळ रंगापेक्षा वाईट होऊ शकतात. ॲझो रंगांचं आणखी वेगळं आहे. हवा नसलेल्या गाळात ते तुटले की ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. काही अमाइन कर्करोगकारक असल्यामुळेच ती सोडणाऱ्या ॲझो रंगांवर १९९७ साली भारतात बंदी आली. रंग दिसेनासा करणं आणि रंग पाण्यातून काढणं ही दोन कामं आहेत. कोळसा दुसरं काम करतो, आणि म्हणून महाग वाटतो.

११. आमच्या विहिरीला लालसर पाणी येतंय. कोळशाची गाळणी केली तर पिता येईल?

नाही. कदाचित लाली जाईल, पण क्षार, नायट्रेट आणि जंतू राहतील. उलट ओल्या कोळशावर जंतू छान वाढतात. शहरातल्या प्युरिफायरमध्ये कोळसा असतो हे खरं, पण तिथे आत येणारं पाणी आधीच शुद्ध केलेलं नळाचं असतं.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या, आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या. नमुना घेतानाचा फोटो, तारीख आणि वेळ ठेवा. रंगीत पाणी बहुधा रात्री किंवा पहिल्या पावसात सोडलं जातं. दुपारी आलेल्या अधिकाऱ्याला विहीर स्वच्छ दिसली तर तुमच्याकडे काहीतरी हवं.

१२. शेतावर कोळसा करून तो ॲक्टिव्हेट करता येईल का?

साधा कोळसा करता येतो. माल खडखडीत वाळलेला हवा. झाकणाच्या पिंपात किंवा चरात भाजताना सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो विरळ आणि निळसर झाला की हवा बंद करायची किंवा पाणी मारायचं. कामाची जागा उघडी असावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ताजा कोळसा पोत्यात भरू नका. वरून गार दिसणारा ढीग आतून पेट घेतो. पातळ पसरून निदान एक दिवस जाऊ द्या. झाडं तोडून करणार असाल तर आधी वन विभागाकडे चौकशी करा.

ॲक्टिव्हेशन घरी करू नये. नऊशे अंशांची वाफ, तापलेलं फॉस्फोरिक आम्ल, झिंक क्लोराइड, कॉस्टिक पोटॅश हे शेडमध्ये हाताळायचे पदार्थ नव्हेत. काही व्हिडिओंमध्ये कोळसा लिंबाच्या रसात भिजवून ‘ॲक्टिव्हेट’ करतात. त्याने राख धुतली जाते, जी उपयोगी गोष्ट आहे, पण नवी छिद्रं पडत नाहीत.

१३. पुरवठादार म्हणतो आयोडीन नंबर ११०० आहे. घ्यावा का?

आयोडीनचा रेणू चिमुकला. त्याचा आकडा बारीक छिद्रं किती आहेत ते सांगतो, रंगाबद्दल फारसं नाही. मेथिलीन ब्लू नंबर आणि मोलॅसिस नंबर विचारा, ते मोठ्या रेणूंबद्दल सांगतात. राख, ओलावा आणि दाण्याचा कठीणपणाही पाहा. चाचण्यांसाठी आयएस ८७७ हे भारतीय मानक आहे.

त्याहून बरं म्हणजे किलोभर नमुना मागवून स्वतःच्या पाण्यावर बघणं. पाच बरण्यांत एकेक लिटर सांडपाणी, त्यात अर्धा, एक, दोन, चार आणि आठ ग्रॅम कार्बन, दोन तास ढवळून गाळा. दोन पुरवठादारांचे नमुने शेजारी ठेवले की कागदावरचे आकडे बाजूला पडतात. पाणी त्या दिवशी कोणत्या रंगाच्या लॉटचं होतं ते लिहून ठेवा. फिरोजी लॉटवर चाचणी केली तर चांगला कार्बनही वाईट दिसेल, कारण रिॲक्टिव्ह फिरोजीचा तांबेयुक्त रेणू मोठा आणि चिवट असतो.

१४. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग कसा मांडावा?

मेथिलीन ब्लू घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. एक ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवा, त्यातले १० मिलिलिटर घेऊन परत लिटरभर करा. हे १० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं पाणी झालं. ते सहा बाटल्यांत भरा आणि त्यांत अनुक्रमे काहीच नाही, धुतलेली वाळू, न भाजलेलं तूस, न धुतलेला कोळसा, धुतलेला कोळसा आणि बाजारातला ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. वजनं सारखी ठेवा.

मग तीच मांडणी किराणा दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या केशरी रंगावर करा. टारट्राझिन, सनसेट यलो हे खाद्यरंग सल्फोनेट गटांचे, ऋण प्रभाराचे, म्हणजे कापडाच्या रंगांचे सुरक्षित चुलतभाऊच. निळा ज्या साध्या कोळशाने झटकन जातो त्याच कोळशासमोर केशरी हट्टाने टिकून राहतो. नंतर केशरीच्या एका बाटलीत थोडं व्हिनेगर घाला आणि फरक बघा. प्रश्न ४ आणि ५ परीक्षकांपुढे बोलून दाखवायची गरजच पडणार नाही.

काही खाचा आहेत. गाळणकागद स्वतःच मेथिलीन ब्लू ओढतो, म्हणून ‘काहीच नाही’ ही बाटलीही गाळून बघा, किंवा न गाळता कोळसा बसू देऊन वरचं पाणी घ्या. कोळशाची धूळ पाण्यात राहिली की रंग गेलेलं पाणीही गडद दिसतं. मोबाइलच्या फोटोवरून मोजणार असाल तर निळ्यासाठी लाल चॅनलचा आकडा घ्या, कारण मेथिलीन ब्लू लाल प्रकाश शोषतो. ज्ञात तीव्रतेच्या चार-पाच बाटल्या त्याच उजेडात शेजारी ठेवाव्यात.

काँगो रेड मुलांच्या हातात देऊ नका, तो बेंझिडीनपासूनचा आहे. रंगपंचमीचा रंगही नको, पुड्यात काय आहे तेच ठाऊक नसतं.

१५. कोळसा टाकल्यावर पीएच वाढलं आणि पाणी काळपट झालं. कोळसा खराब आहे का?

धुतला नाहीये. राखेतले पोटॅशियमचे क्षार पाणी अल्कली करतात आणि त्यामुळे ऋण रंग आणखी कमी बसतात. पाण्याने तीन-चारदा, मग विरळ आम्लाने, मग परत पाण्याने धुवा. पाण्याचं पीएच सातच्या आसपास आलं की वाळवा. काळपटपणा भुकटीचा असतो. जाडसर दाणे चाळून घ्या.

१६. वापरलेला कोळसा शेतात टाकू का? बायोचार म्हणून चांगला असतो म्हणे.

बायोचार म्हणजे जमीन सुधारायला घातलेला कोळसा. कोरा कोळसा चांगला असतो. रंगाने भरलेला नव्हे. काही रंगांत तांबं किंवा क्रोमियम असतं, आणि पीएच बदललं की रंग परत सुटतो (प्रश्न १७). चुलीत किंवा बॉयलरमध्येही नको : मिठाचं पाणी शोषलेला कोळसा कमी तापमानाला जळला की विषारी वायू निघू शकतात.

उद्योगातला वापरलेला कार्बन आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) गाळ २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांखाली बघावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. काही माल सिमेंटच्या भट्टीतही जातो. दाणेदार कार्बन ८०० ते ९०० अंशांना भाजून पुन्हा वापरता येतो, दरवेळी पाच-दहा टक्के घट सोसून. पण त्यासाठी मोठी भट्टी लागते, एकट्या डाईंगवाल्याला ते जमणारं नाही. भुकटी तर परत मिळवणंच कठीण. शाळेतला चमचाभर कोळसा वाळवून पिशवीत बांधून शिक्षकांकडे द्यावा.

खर्चाचा हिशेब करताना कोळशाच्या भावात त्याच्या विल्हेवाटीचा भाव मिळवा. बहुतेक जण मिळवत नाहीत.

१७. आमच्या टाकीतून बाहेर येणारं पाणी आत जाणाऱ्यापेक्षा गडद आहे! हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि दोन कारणांनी होतं. काल टाकीतून तटस्थ पाणी गेलं, आज कोणीतरी सोड्याचं पाणी आम्लाने तटस्थ न करता सोडलं. पीएच चढलं की बसलेले ऋण रंग सुटतात आणि एकदम बाहेर येतात. दुसरं, आधी लाल लॉट झाला, तो कोळशाला हलकाच धरून होता. मग काळा लॉट आला, त्याची पकड घट्ट. काळा जागा घेतो आणि लाल हाकलला जातो. मग आत काळं पाणी जातं आणि बाहेर लाल येतं. समतोल टाकी मोठी ठेवणं आणि पीएचवर लक्ष ठेवणं हाच उपाय.

१८. पंचगंगेतल्या केंदाळाचा (जलपर्णीचा) कोळसा करून त्यानेच नदी साफ करता येईल का?

कल्पना गोंडस आहे. केंदाळात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते वाहून नेणं आणि वाळवणं हाच मोठा खर्च. त्यातून उरलेल्यात राख बरीच असते आणि वनस्पतीने नदीतले धातूही ओढून घेतलेले असू शकतात. मेथिलीन ब्लूवर त्याचे निकाल चांगले येतात (प्रश्न ४ आठवा). वाहत्या नदीत कोळसा टाकणं हा कोणत्याही झाडाच्या कोळशासाठी उपाय नाही. काम नाल्याच्या तोंडाआधी, कारखान्याच्या कुंपणाच्या आत व्हायला हवं.

१९. कार्बनची टाकी रिकामी करताना कामगाराला चक्कर आली. धूळ नाकात गेली असेल का?

धुळीसाठी मास्क हवाच, पण बंद टाकीत त्याहून मोठा धोका हवेतला ऑक्सिजन कमी होण्याचा असतो. ओला ॲक्टिव्हेटेड कार्बन आजूबाजूचा ऑक्सिजन ओढून घेतो. टाकीला वास नसतो, धूर नसतो, आणि उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळू शकतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाकीची दोन्ही झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, ऑक्सिजन मीटरने आतली हवा तपासा आणि तिच्यात ऑक्सिजन किमान १९.५ टक्के असल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा-दोर आणि वर तो धरून उभा माणूस असावा. साधा कापडी मास्क इथे काहीही कामाचा नाही. चक्कर आलेल्या कामगाराला आजच डॉक्टरकडे न्या, आणि टाकीच्या झाकणावर ‘मीटर लावल्याशिवाय उतरू नये’ अशी मराठी-हिंदी पाटी रंगवून घ्या.